निळं गाळणारा चष्मा

गोपिका लांजेवारच्या डोळ्यांना मनीषनगरात जो मान होता, तो खुद्द गोपिकेला कधी मिळाला नाही. समारंभात तिला कोणी पुढच्या खुर्चीत बसवत नसे. पण साडी खरेदीला निघालेल्या बायका तिचे डोळे मागायला येत, शेजारणीकडून मोठी परात मागावी तशा. ती डोळे घेऊन जाई. डोळ्यांसोबत आलेल्या बाईलाही मग चहा मिळे.

तिचं दुकान म्हणजे एका बंगल्याच्या कुशीत काढलेलं एकच शटर. वर पाटी, ‘रंगसंगती मॅचिंग सेंटर’. आत जमिनीपासून छतापर्यंत ब्लाउजच्या रुबिया कापडाचे तागे: चिंतामणी, आमसुली, डाळिंबी, अबोली, मोतिया, शेवाळी, आणि ज्यांना नावच नाही असे कितीतरी. नरखेडकडच्या गावाहून लग्न होऊन ती नागपुरात आली तेव्हा घरी बसून फक्त फॉल-पिको करायची. फॉलचा रंग साडीत असा मिसळून जायचा की बायका साडी उलटी करकरून शोधायच्या. त्यातून हळूहळू दुकान उभं राहिलं आणि दुकानातून गर्व. गर्व तिने कधी बोलून दाखवला नाही, फक्त कोणी कापड उजेडात धरून पाहायला लागलं की ती थोडीशी हसायची.

नवरा रुपराव पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेला. त्याचं मत वेगळं होतं. “माही बायको रंगाची डॉक्टर आहे,” तो पाहुण्यांना सांगे, “पण भाजी करपली का नाही हे तिले शेजारच्या घरून कळते.”

मग हातोहाती मोबाइल आले आणि साड्या दुकानात यायच्या बंद झाल्या. साड्यांचे फोटो येऊ लागले. पुण्याहून कोणाची सून पाठवी, कामठीहून कोणाची मावशी पाठवी. फोटोतला रंग कधी खरा नसतो, पण गोपिकेने त्यावर तोड काढली होती. साडीवर चमचाभर साखर ठेवून फोटो काढायला ती सांगे. साखर फोटोत पिवळी दिसली की कळे, घरातला दिवा पिवळा आहे. निळसर दिसली की ट्यूबलाइट. साखर डोळ्यांपुढे ठेवून ती मनातल्या मनात साडीचा रंग दुरुस्त करी. या पद्धतीने मनीषनगरातल्या बऱ्याच साड्यांना मुंग्या लागल्या, पण मॅचिंग चुकलं नाही.

डोळ्यांची मात्र आग होऊ लागली. संध्याकाळपर्यंत पापण्यांच्या आत कोणी तिखट भुरभुरल्यासारखं वाटे.

त्याच सुमारास शेजारचं शटर उघडलं आणि ऋषिकेश नावाच्या तरुण मुलाने तिथे चष्म्यांचं दुकान थाटलं. गोपिका डोळे चोळत त्याच्याकडे गेली, तेव्हा त्याने मखमली डबीतून एक चष्मा काढला.

“काकू, हा साधा नाही. याच्या काचेतच नॅनो कण मिसळले आहेत.”

“काचेत कण निघाले त आपण बदलून मांगतो.”

“हे दिसत नाहीत ना. केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक. मोबाइलमधून जो निळा प्रकाश येतो, त्याच्यातला तेज भाग हे कण खाऊन टाकतात. बाकीचा सोडतात.”

“म्हंजे गाळणी.”

“गाळणीच समजा. कोटिंगवाला हलका पण आहे, पण तुम्ही दिवसभर मोबाइलमध्ये, तुमच्यासाठी हा स्ट्राँगवाला ठीक. फक्त यातून रंग थोडे कोमट दिसतात. तुमचं रंगाचं काम आहे, तर कपडा दाखवताना काढून ठेवत जा.”

“रंग का आंघोळीचं पाणी आहे, कोमट असायले?” गोपिका म्हणाली. “तू काल आला गा बाबू. मले रंग नको शिकवू.”

ऋषिकेश हसला आणि डबी पिशवीत घालून दिली.

पहिल्याच दिवशी तिच्या डोळ्यांना थंड वाटलं. म्हणजे तिने वाटून घेतलं. एवढी सुंदर डबी मिळाल्यावर थंड न वाटणं बरं दिसलं नसतं. त्यानंतर चष्मा झोपतानाच काय तो उतरे. नाकावर तो बसला आणि जिभेवर नॅनो. गिऱ्हाइकाला ब्लाउजपीस कापून देताना ती निळ्या प्रकाशावर बोलू लागली. दहावीला विज्ञानाने तिला नापास केलं होतं, त्याचा आता ती सूड घेत होती. “चहाची गाळणी पाहिली न? चोथा वर, चहा खाली. तसंच आहे हे,” असं ती इतक्या अधिकाराने सांगे, की पुढच्या काही दिवसांत महिला मंडळातल्या बऱ्याच जणी ऋषिकेशच्या दुकानातून तसलाच चष्मा घालून बाहेर पडल्या. त्यात मंडळाची सचिव दामिनी पहिली.

“अवो, त्या पोट्टयानं तुले पगारावर ठेवलं का?” रुपरावने विचारलं.

“तुमाले नाही समजणार. नॅनो आहे ते.”

“मले समजते. न दिसणारी गोष्ट इकून राहिला तो.”

महिला मंडळात तेव्हा भुलाबाईची धामधूम होती. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात मुली भुलाबाई मांडून गाणी म्हणतात. मनीषनगरातल्या मुलींना क्लासमुळे वेळ नसतो, म्हणून त्यांच्या आया म्हणतात. यंदा तर वस्त्यावस्त्यांची स्पर्धा होती आणि मंडळाने सगळ्यांसाठी एकसारख्या फिकट जांभळ्या साड्या घेतल्या होत्या. साडीसोबत आलेल्या ब्लाउजपीसवर कोंबड्याएवढे मोर होते. ते घालायचे नाहीत, हा मंडळाच्या इतिहासातला एकमताने झालेला एकमेव ठराव. साध्या जांभळ्या ब्लाउजचं काम अर्थातच गोपिकेकडे आलं.

बाकी कशावर एकमत होणं शक्य नव्हतं, कारण मंडळात दोन मंडळं होती. जुन्या बंगल्यांतल्या बायका अध्यक्ष अरुंधतीताईंच्या, आणि नव्या फ्लॅट स्कीममधल्या दामिनीच्या. अरुंधतीताईंच्या बायकांनी आपले ब्लाउजपीस श्रावणातच नेले. दामिनीच्या बायका नोकऱ्यांवरून येणार, त्यांना उशीर झाला. तोवर पहिला तागा संपला. गोपिका चष्मा घालून गांधीबागेच्या कापडबाजारात गेली, जुन्या ताग्याचा तुकडा लावून हुबेहूब तोच रंग शोधला, आणि नवा तागा घेऊन आली.

त्यानंतर तिच्या आयुष्यात कधी न घडलेली गोष्ट घडली. एक ब्लाउजपीस परत आला. मोतिया नेलेला, घरी गेल्यावर पांढरा निघाला. मग एक अबोली परत आली. मग कोणाचा तरी फॉल. गोपिकेने आधी मिलला दोष दिला. मग दुकानातल्या, रुपरावने बदललेल्या दिव्याला, आणि त्या निमित्ताने रुपरावला. मग गिऱ्हाइकाच्या सुनेला. दोष देण्यासारखी माणसं संपली तेव्हा ती एकटी उरली.

तिच्या आईला, जिजाबाईला, मोतीबिंदू झाला होता. तो झाल्याचं कोणाला कळायच्या आधी कित्येक वर्षं ती धुतलेल्या धोतरांना मळकट म्हणून शिव्या घालायची. ऑपरेशन झाल्यावर अंगणात उभी राहून म्हणाली, “एवढं निळं राह्यते का आभाळ?” सगळे हसले होते. गोपिकाही हसली होती. आता तिला तागे लावता लावता ते आठवे आणि हात थांबे. डोळे गेले तर परात गेली. चहा देणाऱ्या घरांनी उरलेल्या बाईला कशाला बोलवायचं? दुकान मोडावं लागेल, हे तिने मनात एकदा म्हणून पाहिलं आणि घाईघाईने दुसरं काहीतरी मनात आणलं.

शेवटी रुपरावला न सांगता ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर मुलीने चष्मा बाजूला ठेवायला लावला, थेंब घातले, यंत्रातून पाहिलं आणि सांगितलं, मोतीबिंदू नाही. डोळे कोरडे पडतात. “मोबाइलमध्ये रोखून पाहताना तुमची पापणी लवत नाही, म्हणून आग होते. मधूनमधून लांब बघा, पापण्या मिटा.”

“अन निळा प्रकाश?”

“मोबाइलमधून येतो तेवढ्याने डोळे बिघडतात, असं काही सिद्ध झालेलं नाही काकू.”

गोपिकेला ही डॉक्टर फारशी आवडली नाही. रंगांचं विचारायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे तिने जाऊ दिलं. बाहेर आल्यावर तिने हिशोब मांडला: डोळे चांगले, तरी रंग चुकतात, म्हणजे बिघाड डोळ्यांच्या मागे, डोक्यात असणार. एवढा विचार करून तिने चष्मा पुन्हा नाकावर चढवला आणि घरी गेली.

स्पर्धा आठवड्यावर आली तेव्हा सगळ्यांनी साड्या नेसून उघड्या मैदानावर रंगीत तालीम करायचं ठरलं. दुपारचं ऊन होतं, ऑक्टोबरातलं, अंगाला चिकटणारं. बायका गोल करून उभ्या राहिल्या. टाळी वाजायच्या आधीच अरुंधतीताईंचा आवाज आला.

“गोपिका, हे काय आहे?”

“काय ताई?”

“आमचे ब्लाउज जांभळे आणि यांचे गुलाबी.”

“कोणते गुलाबी?” दामिनी म्हणाली. “सेम त आहेत.”

“दामिनी, डोळे आहेत ना तुला?”

“डोळे आहेत ताई, अन वरून नॅनो बी आहे.”

अरुंधतीताईंनी आपली बाही दामिनीच्या बाहीला लावून धरली. “हे बघ. मी काही आंधळी नाही. फोटोत कोण कोणाच्या गटातली ते नीट दिसावं, म्हणून कोणीतरी मुद्दाम केलंय हे.”

“आमाले कायले करायचं मुद्दाम? तुमच्या बाया बोलून राहिल्या न मागच्या वर्षापासून, फ्लॅटवाल्या वेगळ्या म्हणून.”

मग अरुंधतीताईंच्याच गटातल्या दोघी चष्मेवाल्या पुढे होऊन म्हणाल्या, आम्हालाही एकच रंग दिसतोय. त्याबरोबर भांडणाला नवं वळण लागलं, कारण आता फितुरी उघड झाली होती. भुलाबाई पाटावर बसून राहिली. तिच्यापुढच्या बंद डब्यातला खाऊ ओळखायचा खेळ कोणाच्या ध्यानात राहिला नाही.

गोपिका गोलाच्या मधोमध उभी होती. ती एका बाहीकडून दुसऱ्या बाहीकडे पाहत होती आणि तिला काहीही दिसत नव्हतं. म्हणजे दोन्ही बाह्या दिसत होत्या, अगदी स्पष्ट, आणि दोन्ही एकाच रंगाच्या होत्या. निम्म्या बायका ओरडून सांगत होत्या की तसं नाही. एवढ्या बायकांना दिसतं ते आपल्याला दिसत नाही, आणि तेही रंगाच्या बाबतीत.

“बोला न काकू,” दामिनी म्हणाली. “तुमी सांगा, सेम आहे का नाही. तुमी म्हटलं का झालं.”

कपाळावरचा घाम भुवयांतून खाली आला. काच धूसर झाली. गोपिकेने चष्मा काढून पदराने पुसायला घेतला, आणि पुसता पुसता सहज वर पाहिलं.

मैदानावर दोन रंगांच्या बायका उभ्या होत्या. अर्ध्या जांभळ्या आणि अर्ध्या चक्क कांद्याच्या सालीच्या.

तिने चष्मा घातला. सगळ्या एक झाल्या. काढला. पुन्हा फाळणी. चष्मा डोळ्यांसमोर वरखाली करत ती काही वेळ तशीच उभी राहिली. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, बाई भुलाबाईला ओवाळतेय. जांभळ्यातलं निळं त्या कणांनी गाळून घेतलं होतं, आणि खाली उतरलेलं गुलाबी तिने गांधीबागेतून तागाभर आणलं होतं. तिला पहिल्यांदा वाटलं ते दुःख नव्हतं. तिला इतकं हलकं वाटलं की हसूच यायला लागलं. डोळे शाबूत होते. डोकंही होतं. नव्हती ती फक्त अक्कल, आणि तिच्यावाचून आजवर चाललंच होतं.

पण हसू ओठांवर यायच्या आत दुसरा विचार आला. मैदानावर तिच्या बाजूने साक्ष देणाऱ्या कितीतरी होत्या, आणि प्रत्येकीच्या नाकावर साक्ष बसलेली होती. आपण नुसतं ‘सेम आहे’ म्हणायचं. अरुंधतीताई चिडतील, गटबाजीचं बोलतील, पण रंगाबद्दल गोपिका लांजेवारच्या शब्दापुढे जाण्याची मनीषनगरात पद्धत नव्हती. स्पर्धेच्या संध्याकाळी सभागृहातल्या पिवळ्या दिव्यांत तर कोणाला कळणारही नाही.

“काकू?” दामिनी अजून तिच्याकडे पाहत होती, विश्वासाने, नॅनोतून.

“दामिनी,” गोपिका म्हणाली, “चष्मा काढ वं.”

“काहून?”

“काढ त खरी. अन आपल्या बाहीकडं पाह्य.”

दामिनीने चष्मा काढला. बाही पाहिली, मग अरुंधतीताईंची पाहिली. “अवं माय,” ती हळूच म्हणाली.

“चुकलं माहं,” गोपिका म्हणाली. “तागा मीच हा चष्मा घालून आणला. निळं दिसत नाही यातून धड.”

वाटलं होतं, आता सगळ्या तिला धरतील. तसं काही झालं नाही. आधी मैदानावरचे सगळे चष्मे हातोहाती फिरले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी लावून पाहिले, ज्यांच्याकडे होते त्यांनी काढून, आणि बराच वेळ नुसतं ‘बाई गं’ चालू होतं. काहींनी आपले केस पाहिले, काहींनी एकमेकींचं कुंकू. मग अरुंधतीताई भानावर आल्या.

“म्हणजे त्या ऋषिकेशने फसवलं सगळ्यांना.”

“नाही ताई. त्या पोरानं पहिल्या दिवशीच सांगतलं होतं, कपडा पाहताना काढत जा म्हणून. मीच म्हटलं त्याले, मले रंग नको शिकवू.”

हे ऐकून कोणीतरी मागे फिसकन हसलं. गोपिकेलाही त्यात सामील व्हावंसं वाटलं, पण शोभलं नसतं.

“कापड मी दुसरं आणते,” ती म्हणाली. “शिवायचं बी मी पाहते, टेलरसंग बोलते.”

“आणाल हो,” दामिनी म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा होता. “पण या टायमाले बरोबर आहे, हे कोण पाहीन?”

आजवर हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

“मी जाते तिच्यासोबत,” अरुंधतीताई म्हणाल्या.

“मंग मी पण येते,” दामिनी लगेच म्हणाली. अरुंधतीताईंच्या एकटीच्या पसंतीचा रंग अंगावर घालायची तिची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिघी गांधीबागेत गेल्या. रिक्षात मधे गोपिका बसली, दोन्ही बाजूंना दोघी, पोलिसांनी आरोपीला कोर्टात न्यावं तशा. चष्मा तिने घरीच ठेवला होता. रुपरावने तो उचलून लावला होता आणि वर्तमानपत्र वाचत म्हणाला होता, “मले त काही फरक नाही वाटत. माहं आयुष्य आधीपासूनच कोमट आहे.”

दुकानदाराने गादीवर ताग्यांचा ढीग घातला. अरुंधतीताईंनी एक निवडला. तो राखेकडे झुकत होता. दामिनीने निवडलेल्याने गोपिकेचे दातच आंबले. बोलायचा हक्क आपण मैदानावर ठेवून आलो, असं तिला वाटत होतं. डोळ्यांची आग होत होती, कापडाच्या धुळीने पाणी येत होतं. तिने ढिगाच्या तळाशी हात घातला आणि चिमटीत सापडलेलं टोक ओढून काढलं. सोबत आणलेल्या साडीच्या पदराला लावलं, हात बाजूला घेतला.

“हा पाहा तुमी,” ती म्हणाली.

दोघींनी तागा आणि पदर उचलला आणि रस्त्यावर उन्हात नेला. गोपिका गादीवर बसून राहिली. आतून तिला दिसत होतं: अध्यक्ष आणि सचिव, वर्षभर एकमेकींच्या नमस्काराला उत्तर न देणाऱ्या, एकाच पदरावर डोकं लावून उभ्या होत्या. एक तागा सावलीत नेई, दुसरी परत उन्हात ओढी. हातगाडीवाला ओरडला तरी त्या हलल्या नाहीत. बाहेर काय ठरतं याची वाट पाहताना गोपिकेचे तळहात ओले झाले होते. इतकी वर्षं गिऱ्हाइकं आपल्यासमोर अशी बसत असतील, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

दामिनीने दारातून आत डोकं घातलं.

“काकू, इकडं या न.”

“काय झालं?”

“आमाले दोघीले त बरोबर वाटून राहिलं.”

“मंग झालं त. कापून घ्या.”

“असं कसं,” बाहेरून अरुंधतीताई म्हणाल्या. “तू बघ एकदा. तू म्हटल्याशिवाय कापायचं नाही, असं आम्ही ठरवलंय.”

दोघींनी मिळून काही ठरवल्याचं गोपिकेने पहिल्यांदाच ऐकलं. ती उठली, बाहेर उन्हात आली. पदर हातात घेतला. रंग बरोबर होता. ते तिला तागा ढिगातून ओढतानाच कळलं होतं. तरी तिने कापड उलटं केलं, सुलटं केलं, आभाळाकडे धरलं, मान वाकडी करून पाहिलं. दोघी श्वास धरून उभ्या होत्या. आणखी थोडं थांबणं तिला बरं वाटत होतं, म्हणून ती थांबली. मग म्हणाली, “जमते.”